रुपयाएवढ्या गुंड्या

वालूरचा आमचा शिंपी गळ्यात टेप घालायचा, पण माप कधी घ्यायचा नाही. गिऱ्हाईकाला एकदा वरून खाली न्याहाळायचा, पानाची पिंक टाकायचा आणि म्हणायचा, "झालं, जा."

नागपूरला ऑक्युपेशनल थेरपीच्या कोर्सला माझा नंबर लागला, तेव्हा पांढरा एप्रन शिवायला मी त्याच्याकडंच गेले.

"तिथं काय शिकिवतेत, माय?"

"लकवा झालेल्यांना पुन्हा जेवायला, कपडे घालायला शिकवायचं."

"म्हंजे गुंडी लावायला वर्सानुवर्सं कॉलेज? आमचं पोरगं घरीच शिकलं की." अख्खं दुकान हसलं.

एप्रन हातात आला, तर त्याला रुपयाएवढ्या गुंड्या आणि ढगळ काजं. मी भडकले.

मशीनवरून मान वर न करता तो म्हणाला, "लकव्याच्या हाताला बारकी गुंडी गावंल का? आधी ह्याच्यावर शिकीव."

पहिल्या दिवशी सगळा वर्ग मला हसला. वॉर्डात मात्र पेशंटला गुंडी शिकवायची वेळ आली, की आमच्या मॅडम माझाच एप्रन मागायच्या.

सुट्टीत गावी गेले, तरी हे मी त्याला कधी कळू दिलं नाही. त्यानं दुकानावर कॉलेजची पाटी लावली असती.