एका मडक्याचा सीटी स्कॅन

"माती?" नोरीनने विचारलं. "माझ्या लॅबमध्ये?"

"मडक्यातली माती," मी म्हटलं. "आणि मडकं सीलबंद डब्यात."

"म्हणजे माती आणि वर मडकंसुद्धा."

नोरीन आमची क्वालिटी मॅनेजर. इथे आयर्लंडमध्ये, क्लोनडॉकिनच्या बिझनेस पार्कात आमचा प्लांट आहे. दम्याच्या इनहेलरला लागणारे प्लॅस्टिकचे भाग आम्ही बनवतो. आत शिरताना टोपी, कोट, बुटांवर कव्हर. कुंडीतल्या झाडालाही परवानगी नाही. मी तिथे मेट्रॉलॉजी इंजिनिअर आहे. मेट्रॉलॉजी म्हणजे मोजमापाचं शास्त्र. हवामानाशी त्याचा काही संबंध नाही, तरी ओळखीचे लोक मला पावसाचं विचारतात.

माझ्या ताब्यात एक सीटी मशीन आहे. हॉस्पिटलात माणसांचा काढतात तसाच हा स्कॅन, फक्त वस्तूंचा. प्लॅस्टिकचा भाग न कापता त्याच्या आत हवेचे बुडबुडे राहिलेत का, ते कळतं. बुडबुडा मर्यादेपेक्षा मोठा असेल तर भाग रिजेक्ट. नऊ वर्षं मी बुडबुडे शोधतेय.

मडकं होतं नीव्हचं. म्हणजे तिचं नव्हे, सरकारचं. नीव्ह आमची शेजारीण, पेशाने आर्किऑलॉजिस्ट. आयर्लंडमध्ये नवी घरं बांधण्याआधी जमिनीखाली जुनं काही आहे का, ते तपासावं लागतं. तेच काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती आहे. 2021च्या वसंतात स्वोर्ड्स गावाच्या पलीकडे एका प्लॉटवर तिच्या टीमला जळालेल्या घराच्या खुणा मिळाल्या. घराच्या कोपऱ्यात मडक्याचा खालचा अर्धा भाग होता, नारळाएवढा, मातीने गच्च भरलेला. घडणीवरून तो साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा वाटत होता.

"त्याआधी इथले लोक शेती करतच नव्हते," नीव्हने मला कुंपणावरून समजावलं होतं. "मासे, रानडुक्कर, हेझलनट. जे मिळेल ते गोळा करायचं, संपलं की पुढे. मग होड्यांतून लोक आले, गाई आणि धान्य घेऊन. पहिल्यांदा कुणीतरी इथे पेरलं आणि उगवेपर्यंत थांबलं. हे घर त्या सुरुवातीच्या काळातलं असावं."

"आणि मडक्यात काय आहे?"

"तेच तर माहीत नाही. वरच्या मातीत कोळसा दिसतोय. धान्य असू शकतं, रानातलं काहीही असू शकतं."

नेहमीची पद्धत सोपी असते. माती पाण्यात विरघळवायची. जळालेले दाणे हलके, ते वर तरंगतात आणि चाळणीत पकडता येतात. पण मग ते मडक्यात कसे रचलेले होते, ते कायमचं पुसलं जातं. म्हणून तिला आधी स्कॅन हवा होता. एरवी एखादं हॉस्पिटल मदत करतं. कोविडच्या त्या दिवसांत कुठल्या तोंडाने विचारणार? तिने ब्युमॉन्ट हॉस्पिटलात फोन करून चौकशी केली, तर पलीकडच्या बाई फक्त हसल्या. इकडे ओली माती वाळत होती, वाळताना आकसत होती, आणि मडक्याला रोज एक नवी चीर पडत होती. तिच्या साहेबाने दोन आठवडे दिले होते. नंतर थेट पाण्यात.

हे सगळं मी नोरीनला सांगितलं. तिने चहा संपवला.

"माझं बालपण टिपररीत शेतावर गेलं," ती म्हणाली. "मातीशी माझं वैर नाही. ती या दारातून आत येण्याशी आहे. रिस्क असेसमेंट लिही. तीन पिशव्या, त्यावर डबा. शुक्रवारी दुपारी मशीनचं मंथली कॅलिब्रेशन आहे, त्यामुळे नंतर सफाई होणारच. एक ते पाच वेळ तुझी. पाचला एक कण दिसला तर सोमवारी तुझ्याशी बोलेन."

मी रिस्क असेसमेंट अकरा पानी लिहिली. इनहेलरसाठी आजवर इतकी मोठी लिहिलेली नाही.

शुक्रवारी नीव्हने मडकं मांडीवर घेऊन गाडीतून आणलं. गाडी तिचा नवरा चालवत होता आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे तो प्रत्येक स्पीडब्रेकरवर श्वास रोखत होता. तिला आत प्रवेश नव्हता. तिने रिसेप्शनवर डबा माझ्या हाती दिला आणि पार्किंगमध्ये जाऊन बसली.

पहिला स्कॅन वाया गेला. सगळं चित्र पांढरंफटक, मध्ये आडव्यातिडव्या रेघा. प्लॅस्टिकमधून एक्स-रे सहज जातो. ओल्या मातीतून जाताना दमतो. मी व्होल्टेज वाढवलं, समोर तांब्याची पट्टी लावली आणि पुन्हा सुरू केलं. यात तीन वाजले.

दुसरा स्कॅन मात्र सुरेख आला. राखाडी मातीत काळे ठिपके, शेकडो. कोळसा मातीपेक्षा हलका, म्हणून तो काळा दिसतो. अगदी प्लॅस्टिकमधल्या बुडबुड्यासारखा. मला आनंद झाला, कारण बुडबुडे मोजणारं सॉफ्टवेअर तयारच होतं. मी तेच चालवलं. त्याने इमानेइतबारे प्रत्येक ठिपक्याची लांबी, जाडी मोजली आणि शेवटी लाल अक्षरात निकाल दिला: रिजेक्ट.

नोरीन मागे येऊन उभी होती. "साडेपाच हजार वर्षांनी क्वालिटीत नापास," ती म्हणाली. "बिचारा युअर मॅन." 'युअर मॅन' म्हणजे आपल्याकडचा 'तो गडी'. इथे कुणालाही म्हणतात.

पाचला मशीन पुसून लख्ख होतं. मी डबा, स्कॅनची चित्रं आणि आकडे नीव्हला दिले. तिने आकडे लगेच बियाण्यांच्या तज्ज्ञ बाईंना पाठवले. शनिवारी उत्तर आलं. बाईंनी लिहिलं होतं की लांबी गव्हाला जुळते, पण जाडी फारच जास्त आहे. इतका जाड गहू नसतो. हेझलनटचे तुकडे किंवा रानातले कंद असावेत. आणखी थांबण्यात अर्थ नाही, मंगळवारी धुऊन टाका.

नीव्हचा चेहरा पडला. माझाही. आकडे मी मोजले होते. मशीन चुकलं नव्हतं, कॅलिब्रेशन चोख होतं. पण चित्र पाहताना ते कंद वाटत नव्हते, आणि 'वाटत नाही' हा आमच्या धंद्यात पुरावा नसतो.

रविवारी ऊन पडलं. माझे वडील, अण्णा, मागच्या अंगणात मेथीला पाणी घालत होते. अण्णा फेब्रुवारी 2020मध्ये तीन महिन्यांसाठी आले आणि अडकले. आई माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी सांगलीत राहिली होती. ते बाळ आता चालायला लागलं होतं. अण्णांनी आयुष्यभर साखर कारखान्यात फिटरचं काम केलं आणि मिरजेपलीकडची दोन एकर शेती सांभाळली. इंग्रजी जेमतेम. तरी नीव्हशी त्यांची गट्टी होती. ती बटाटे द्यायची, हे मेथी द्यायचे, आणि दोघं आपापल्या भाषेत पिकांवर बोलायचे.

त्या दिवशी नीव्ह तिच्या बाजूला लॅपटॉप घेऊन बसली होती. सरकारी परवानगीचा रिपोर्ट लिहायचा होता, त्यासाठी स्कॅनचं चित्र मोठं करून उघडलं होतं. अण्णा कुंपणापाशी गेले, अंतर ठेवून उभे राहिले, चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"सुजा," त्यांनी हाक मारली. "ही बाई खपलीचा फोटू का बघत बसलीया?"

मी भांडी घासत होते. हात तसेच ओले घेऊन बाहेर गेले.

"कसली खपली?"

"आगं, खपली गहू. आपन खीर करत न्हाई व्हय?"

"अण्णा, तो गहू नाही. मोजलाय मी. गव्हापेक्षा जाड आहे."

"एक दाना मोजलास का दोन?"

मी कुंपणावरून वाकून लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं.

"खपलीच्या टरफलात दानं जोडीनं असत्यात," अण्णा म्हणाले. त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांना लावून दाखवले. "पोट सपाट, पाठीला कुबड. पोटाला पोट लावून बसत्यात. तू जोडी मोजलीस, बाळ."

मी नीव्हकडे वळून इंग्रजीत सांगितलं. ती उठून उभीच राहिली. "एमर," ती म्हणाली. "एमर! पहिल्या शेतकऱ्यांचा गहू. तुमच्याकडे अजून पिकतो?"

खपली म्हणजेच एमर, हे मला तोवर माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं तिची खीर खाल्ली होती.

आता प्रश्न माझा होता. जोडी असेल तर मध्ये फट हवी. टरफल आधी जळतं, त्या जागी बारीक माती शिरते. म्हणजे दोन काळ्या ठिपक्यांमध्ये राखाडी रेघ दिसायला हवी. ती का दिसली नाही? रात्रभर डोक्यात तेच चालू होतं. सकाळी ऑफिसात कोट चढवताना उजेड पडला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक स्मूदिंग फिल्टर कायम चालू असतो. बारीकसारीक रेघांना तो कचरा समजून पुसतो. बुडबुड्यासाठी ते योग्यच आहे. बुडबुड्याच्या पोटात पडदा नसतो.

पण ते सेटिंग व्हॅलिडेटेड, म्हणजे तपासून मान्य झालेलं; फिल्टर बंद करायला मंजुरी लागते. मी नोरीनकडे गेले.

"व्हॅलिडेटेड सेटिंग बदलायचंय? मडक्यासाठी?"

"कॉपी करून, वेगळ्या फाइलवर. मूळ सेटिंगला हात लावणार नाही. उद्या सकाळी ते मडकं पाण्यात जाणार आहे."

"कारण काय लिहायचं?"

"कारण मी दोन वस्तूंना एक समजून मोजलं."

तिने ड्रॉवरमधून फॉर्म काढला. इंजिनिअर स्वतःहून असं वाक्य फारसं बोलत नाहीत. "ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे इथलं 'ठीक आहे'. "फॉर्म भर."

फिल्टर काढून हिशेब पुन्हा चालवायला चाळीस मिनिटं लागली. मी कॉफी आणायलाही उठले नाही. चित्र जरा खरखरीत झालं, आणि मग एकेका काळ्या ठिपक्याच्या मधोमध केसाएवढी रेघ उमटत गेली. एक, दुसरा, दहावा. पोटाला पोट लावून बसलेले दाणे. जाडी निम्मी झाली. मी लॅबमध्ये एकटीच मोठ्याने "अण्णा!" असं ओरडले. काचेपलीकडच्या माणसाने दचकून हात वर करून विचारलं, काय झालं? मी अंगठा दाखवला.

नवे आकडे संध्याकाळी तज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी मेलऐवजी थेट फोनच केला. धुणं आठवडाभर पुढे ढकललं आणि मडकं त्यांच्या देखरेखीखाली थराथराने रिकामं केलं. स्कॅनचा नकाशा हाताशी असल्यामुळे कुठली जोडी कुठे आहे, ते आधीच कळत होतं. गहू निघाला, टरफलासकट साठवलेला. तळाशी हेझलनटची मूठभर कवचंही निघाली. म्हणजे शेती सुरू झाली तरी रानात जाणं काही सुटलं नव्हतं.

तो गहू खायचा होता की पेरायचा, यावर मात्र एकमत झालं नाही. अण्णांचं म्हणणं, "खायाचा असता तर कांडून ठिवला असता. टरफलासंगं ठिवत्यात ते बी." तज्ज्ञ बाई म्हणाल्या की दमट हवेत खायचा गहूही टरफलातच टिकतो, नक्की सांगता येत नाही. मी दोघांचं एकमेकांना भाषांतर करून सांगितलं. दोघंही आपापल्या जागी ठाम राहिले.

हा गहू मूळचा पश्चिम आशियातला. तिथे लोकांनी तो पहिल्यांदा लावला, मग साठवायला कोठारं आली, गावं झाली, पुढे शहरं. तिथूनच तो एका बाजूला आयर्लंडपर्यंत गेला आणि दुसऱ्या बाजूला आपल्याकडे आला. हे ऐकून अण्णा खूश झाले. "म्हंजे हितला बी परदेशीच की," ते म्हणाले.

राहता राहिला नोरीनचा फॉर्म. सेटिंग कुणाच्या सल्ल्याने बदललं, असा एक रकाना होता: विषयतज्ज्ञाचं नाव, पात्रता, अनुभव. मी लिहिलं: भूपाल चौगुले, निवृत्त फिटर व शेतकरी, खपली गव्हाचा चाळीस वर्षांचा अनुभव. नोरीनने ते दोनदा वाचलं.

"सर्टिफिकेट आहे?" तिने विचारलं.

"नाही."

"माझ्या वडिलांकडेही नव्हतं," ती म्हणाली, आणि सही केली.

आमच्याकडे आता नव्या इंजिनिअरच्या ट्रेनिंगमध्ये हे उदाहरण मी सांगते. मशीन चोख असलं तरी ते आपण शिकवलेलंच शोधतं. आकडा विचित्र आला तर सगळ्यात आधी ती वस्तू कधीतरी हातात धरलेला माणूस गाठावा. आमच्याकडे त्याला रूट कॉज अ‍ॅनालिसिस, म्हणजे चुकीचं मूळ शोधणं, म्हणतात आणि त्याचा दोन दिवसांचा कोर्स असतो.