चिवणीच्या वाटेतलं लोखंडी दार

कोलशेतला जायचं ठरलं ते सुजातासाठी. ही माझी मामेबहीण, सातव्या महिन्यात माहेरी आलेली. तिला डोहाळे गाभोळीचे, म्हणजे माशाच्या अंड्यांचे, आणि मामी काही शिजवेना. "तू येऊन समजाव गं आईला," सुजाता फोनवर रडकुंडीला आलेली. निघाले.

डोंबिवलीकरांनो, माणकोलीचा पूल झटक्यात संपतो म्हणून हुरळून जाऊ नका. पुढे कापूरबावडीपर्यंतचा हायवे सगळा माज उतरवतो. "मॅडम, मधे मधे रस्ता पण आहे," रिक्षावाला खड्ड्यातून म्हणाला. पाण्याची बाटली आणि भरपूर शिव्या सोबत ठेवा.

मामी कोळीण. त्यांच्या घरची रीत अशी: आषाढात चिवणी पोटात अंडी घेऊन खाडीतून ओढ्यात चढते. घरात लेक बाळंतपणाला आलेली असेल, तर जाळ्यातली पहिली चिवणी वर ओढ्यात सोडायची. मगच चुलीवर गाभोळी.

"ती पन माहेरालाच चाललीय," मामी म्हणाली. "तिला आडवून माझे पोरीला खाव घालू?"

मग सोडायची की! तर नाही. ओढ्याच्या तोंडाशी आता खाडीकिनाऱ्याच्या सुशोभीकरणाची भिंत आहे, भिंतीत लोखंडी दार. भरतीला बंद, ओहोटीला उघडं. का, तर भरतीचं पाणी जॉगिंग ट्रॅकच्या लाद्या खराब करतं! अहो दीडशहाण्यांनो, मासा भरतीबरोबरच वर येतो. भिंतीवर रंगवलेत काय, तर हसणारे डॉल्फिन. कोलशेतला! हात जोडले बाबा. मामी दोनदा बादली घेऊन गेलेली, दोनदा हाकलून दिलेली.

तिसऱ्यांदा मी सोबत गेले. ट्रॅकवर पाय ठेवला नाही तोच सुपरवायझर शिट्टी फुंकत हजर.

"मासेमारीला बंदी आहे."

"पकडत नाय रं, सोडतेय!" मामी म्हणाली.

"सोडायला पण परमिशन लागते."

"तिचे पोटान अंडी हायेत. तुझी परमिशन येईपर्यंत थांबंल ती?"

याला बादलीत बुडवावा असं वाटलं. मी त्याच्याशी कचाकचा भांडत राहिले, तोवर मामीनं पदर खोचला आणि भिंतीपलीकडे ओढ्याच्या पायऱ्या उतरली. चिवणीचा काटा तिच्या बोटात घुसला, रक्त आलं, तरी तिनं हात पाण्यात धरून ठेवला. शेपटी वळवळली आणि चिवणी वर निघून गेली. मामीच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. सुपरवायझर मोबाईलवर फोटो काढत होता. दंड लावणार, मला वाटलं.

दुपारी सुजातानं गाभोळीचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाल्ली, बोटं चाटून. मीही जेवले, आणि असं जेवण घोडबंदरच्या कुठल्याही एसी हॉटेलात मिळणार नाही.

घरी येऊन चार दिवस झाले नाहीत तोच ग्रुपवर तो फोटो फिरत आला. पाण्यात चिवणी, कोपऱ्यात मामीचा हिरव्या बांगड्यांचा हात. खाली मोठ्या अक्षरांत: 'सुशोभीकरणामुळे मासे परतले!' माझ्या तळपायाची आग मस्तकात. लगेच मामीला फोन लावून वाचून दाखवलं.

मामी फणकारली.

"परतल्या? त्या गेलेल्या कवा गं? दाराभायेर उभ्या हायेत सगल्या."