बंद माइकसमोर मागितलेली माफी

"आई, तुमचा आवाज फार मोठा आहे हो," पुण्याच्या मॅडम फोनच्या पडद्यावरून म्हणाल्या.

मी आवाज खाली घेतला. अमरावतीच्या बाजारात सतरा वर्षं भाजी विकते. तिथे हळू बोलणारीची मेथी सुकून जाते. पण मॅडम म्हणाल्या, तर घेतला.

माझी पोरगी अकोल्याला असते. अकरावी, डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास, तिथलंच होस्टेल. दिवाळीनंतर ती जेवेना, बोलेना. चाचणीत कोरा पेपर देऊन आली. क्लासच्या सरांनी निरोप धाडला की आई आणि मुलगी दोघींना पुण्याच्या मॅडमकडून ऑनलाइन समुपदेशन घ्यावं लागेल. नवरा अकोटला जिनिंगवर. कापसाच्या हंगामात त्याला मान वर करायला फुरसत नसते. तो म्हणाला, "तूच बोल. मले काय समजते त्यातलं."

बाजारात निवांत जागा कुठून आणायची? शेजारी रजियाआपाचं गाद्या भरायचं दुकान आहे. तिनं मला मागच्या खोलीत कापसाच्या गठ्ठ्यावर बसवलं, फोन जोडून दिला आणि दार लोटून घेतलं. पडद्यावर तीन चौकटी होत्या. एकीत मॅडम, एकीत पोरगी, एकीत मी. पोरगी खाली बघत होती. दीड महिन्यांनी तिचं तोंड दिसलं, तेही तळहाताएवढं.

मग मी बोलले. दिवसभर बोलतच असते, पण ते वांग्याचं आणि सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं. आपल्या जिवाचं कोणाशी बोलले नव्हते. ऐकणारं होतं कोण? पोरगी गेल्यापासून घरात मी एकटी. स्वयंपाक करायचाही कंटाळा. सकाळची भाकर रात्री खायची. हे सगळं मी मॅडमला सांगितलं. चौथीत माझी शाळा सुटली, ते सांगितलं. आणि मग दिवाळीचं सांगितलं.

दिवाळीत घरी पाहुणे होते. पोरगी जेवता जेवता म्हणाली, "मले डॉक्टर नाई व्हायचं." मी चार लोकांसमोर तिच्या थोबाडीत दिली. ती ताटावरून उठली.

आमच्यात आई लेकराची माफी मागत नाही. माझी आई मारायची आणि दुपारी हातावर गुळाचा खडा ठेवायची. तेवढ्यात समजून घ्यायचं. मीही तेच केलं. ती अकोल्याला निघाली तेव्हा बेसनाचे लाडू करून डब्यात भरले. आठ दिवसांनी डबा तसाच परत आला. लाडू मोजून जसेच्या तसे. तेव्हा मला कळलं की हिला खडा नको, शब्द पाहिजे. पण तोंडून निघत नव्हता.

त्या दिवशी निघाला. "बाई, माहं चुकलं," मी म्हणाले. "तुले मारायले नव्हतं पायजे."

आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. मॅडम मान डोलवत होत्या. पोरगी खाली बघून फोनवर काही लिहीत होती. मला वाटलं, बोलायला जड जात असेल, लिहून सांगत असेल. मला रडू आलं. पदरानं डोळे पुसत मी पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले.

रजियाआपा चहा घेऊन आत आली. तिनं फोनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमारा माइक तो बंद है. ये लाल लकीर देखो."

मी बोट लावलं. इंग्रजीत काही आलं. आपानं वाचून सांगितलं की मॅडमनीच बंद केलाय, तुम्हाला चालू करता येत नाही. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "छान. आज इथेच थांबू." तिन्ही चौकटी गेल्या.

किती वेळ बंद होता? आवाज मोठा आहे म्हणाल्या, तेव्हापासूनच. म्हणजे मी कापसाच्या गठ्ठ्याशी बोलले. कापसाची माफी मागितली. लाज वाटली, आणि लाजेच्या मागून राग आला. चहा प्यायलेच नाही.

चार दिवसांनी सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मॅडमचा कागद पाठवला. मी अक्षर अक्षर लावून वाचला. आईची भाषा आक्रमक. सत्रात आईचा सहभाग नाही. महिनाभर आईने मुलीशी थेट संपर्क टाळावा. खाली पालकाच्या सहीची जागा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी हातगाडी आपाच्या भरवशावर सोडली आणि अकोल्याची एसटी धरली.

होस्टेलच्या दारातच सर म्हणाले, "ताई, रिपोर्ट वाचला ना? भेटता येणार नाही."

"सही झाली काय त्याच्यावर?" मी विचारलं.

"नाही."

"मंग बोलवा पोरीले."

पोरगी खाली आली. वाळली होती. मनगटाची हाडं दिसत होती. जिन्याच्या पायरीवर माझ्यापासून हातभर लांब बसली. मी तिला सांगितलं, त्या दिवशी मॅडमनी मला न सांगता माझा आवाज बंद केला.

ती म्हणाली, "मीच लिवलं होतं त्याईले. आईचा आवाज बंद करा म्हणून."

"काहून?"

"खोलीत पोरी होत्या. तू भाजी इकल्यावानी बोलते. त्या हासून राहिल्या होत्या."

आपलेच दात, आपलेच ओठ. सांगू कोणाला? क्षणभर वाटलं, उठावं आणि पुन्हा न यावं. हिच्या तोंडात घास घालणारा आवाज हिलाच नको. पण मग दिसलं, हिलाही कोणीतरी शिकवलंय हे. हसणाऱ्या पोरींनी, न विचारता बटण दाबणाऱ्या मॅडमनी. आणि चार लोकांत थोबाडीत मारून हिचं तोंड बंद करणारी तर मीच.

म्हणून नीट बोलले. सरांसमोर. आवाज न बदलता.

"मी तुले मारलं ते चुकलं. त्याची माफी मांगतो. तुले डॉक्टर नाई व्हायचं तं नको होऊ. पण माह्या बोलन्याची माफी मी मांगनार नाई. तुले बी नाई, त्या मॅडमले बी नाई."

ती उठून वर गेली. मागे वळून पाहिलं नाही.

सरांनी कागद पुढे केला. मी तो परत सरकवला. म्हटलं, पोरीला बोलायला माणूस पाहिजे, हे मला मान्य आहे. मॅडम बोलोत तिच्याशी. पण माझ्याबद्दल बोलायचं तर मी पोरीच्या शेजारी बसणार. आवाज बंद करून नाही.

आता दर सोमवारी, बाजाराच्या सुट्टीला, मी अकोल्याला जाते. कधी ती खाली येते, कधी येत नाही. आली तरी फारसं बोलत नाही. मी तासभर पायरीवर बसते आणि परतीची गाडी धरते.

सही केलेली नाही. करणार नाही. माझा आवाज तिला नको असेल, तर तिनं तो माझ्या तोंडावर नाकारावा. मी ऐकेन. आणि पुढच्या सोमवारी पुन्हा येईन.