आणि बायको

आमच्या पलटणीत मरायला कुणी तयार नसतं. पावणेचारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात जे युद्ध झालं, ते आम्ही उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी लिंकनशरच्या कुरणांवर पुन्हा लढतो, आणि दरवेळी अडचण एकच. बार काढायला साठ जण, पडायला एकही नाही. मेलं की अर्धा तास ओल्या गवतात पडून राहायचं, नाकाशी मेंढ्यांच्या लेंड्या, आणि दोरीपलीकडून पोरं ओरडणार, "आई, तो श्वास घेतोय." मी आठवडाभर लोकांची तुंबलेली गटारं उपसतो. शनिवारी पुन्हा चिखलात तोंड घालायची मला हौस नाही. अकरा वर्षांत मी एकदाही मेलो नव्हतो आणि त्याचा मला अभिमान होता.

आमचे कॅप्टन लायोनेल बिकरडाइक एरवी शाळेत भूगोल शिकवतात. कोण मरणार ते ठरवायला ते चिठ्ठ्या टाकायचे. चिठ्ठी निघालेला छातीला हात लावायचा, दोन झोकांड्या खायचा आणि गुपचूप रांगेत परत यायचा. "जखम वरवरची होती, साहेब."

"इतिहासात बसत नाही," कॅप्टन म्हणायचे. हे त्यांचं पेटंट वाक्य. माझा चष्मा इतिहासात बसत नाही, बटाटा बसत नाही, चहा तर मुळीच नाही, कारण तेव्हा तो आमच्या देशात आलेलाच नव्हता. त्यामुळे आमची सगळी पलटण लाकडी पेल्यातून चहा पिते आणि कुणी पाहुण्याने विचारलं तर बिअर म्हणून सांगते.

तो चहा करायची एव्हिस टॉम्लिन. ठेंगणी, गोल, साठी ओलांडलेली बाई. तिची तीस वर्षं इस्पितळात चादरी बदलण्यात आणि पडलेल्या माणसांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवण्यात गेली. सोळा वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर छावणीत आली. नवरा डेरिक भालाईत. तो रांगेत उभा राही, ही चुलीपाशी. दिवसभर लोक येऊन तिला तेच तीन प्रश्न विचारत. आग खरी आहे का, गरम होत नाही का, आणि हे तुम्ही खरंच खाणार का? "नाही हो," ती गंभीरपणे म्हणायची, "हे मांजरासाठी."

सकाळी हजेरी होते. कॅप्टन कातडी बांधणीची वही उघडून नावं वाचतात. कुणी झोपलेलं असलं, कुणी शौचाला गेलेलं असलं, तर एव्हिस चुलीवरून न वळता त्याच्या वतीने "हजर" म्हणायची. तिची स्वतःची नोंद मात्र अशी होती: 'डेरिक टॉम्लिन, भाला, आणि बायको.' डेरिक हजर म्हणे आणि कॅप्टन पुढचं नाव घेत. बायकोसाठी थांबायची पद्धत नव्हती.

गेल्या वसंतात डेरिकचा खुबा दुखायला लागला. त्याने भाला ठेवून दिला आणि तो गावातल्या क्लबात हिरवळीवर चेंडू घरंगळवायला जाऊ लागला. तिथे लेंड्या नसतात. पहिल्या छावणीला एव्हिस एकटीच बसने आली, कढई मांडीवर घेऊन.

हजेरीला कॅप्टन त्या ओळीपाशी अडखळले. नंतर चुलीपाशी आले. मी तिथेच पेला घेऊन उभा होतो.

"एव्हिसबाई, नियम असा आहे. जो शस्त्र धरतो तो सभासद. बाकीचे बाजारबुणगे त्याच्या नावावर येतात. आता डेरिक नाही, तर तुम्ही कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"मग भाला घ्या."

"मला कुणाला भोसकायचं नाही, कॅप्टनसाहेब. आणि मी भाल्यामागे उभी राहिले तर तुमच्या लोकांना मटणाचा रस्सा कोण देणार? राजा?"

मी हसलो. कॅप्टन हसले नाहीत. ते वाईट नव्हते, फक्त नियम दिसला की त्यांना दुसरं काही दिसत नसे. ऑगस्टच्या पुलावरच्या लढाईपर्यंत त्यांनी मुदत दिली. तोवर रणांगणावर बाईंचं काही काम निघालं तर ठीक. नाहीतर दोरीपलीकडे, प्रेक्षकांत.

त्या रात्री भांडी घासताना ती मला म्हणाली, "क्लेम, मला घरी कुणी हाकलत नाही रे. पण घरी मी डेरिकची बायको, पोरांची आई, इस्पितळातली ती चादरीवाली. इथली चूल तेवढी माझी आहे. ती गेली तर मी काय करू?" मी कढई पुसत राहिलो.

दोन महिने ती वाचनालयात बसली. जुलैत कॅप्टनपुढे तिने कागदांचा गठ्ठा ठेवला. जुनी पत्रं, खटले, एका पाद्रीबुवांची रोजनिशी, सगळ्याच्या नकला. लढाई झाली की छावणीतल्या बायका मैदानात शिरत आणि मेलेल्यांचे जोडे, कोट, खिसे साफ करत. "मी मुडदे लुटणार," ती म्हणाली. "इतिहासात बसतं."

कॅप्टनना नाही म्हणता येईना. वस्तू हरवू नयेत म्हणून त्यांनी एक अट घातली. लुटीचा माल सूर्यास्ताला ज्याचा त्याला परत करायचा.

पुलाची लढाई आम्ही जिंकायची असते. तीन वाजता राजाची माणसं पूल ओलांडतात, चारला आम्ही त्यांना मागे रेटतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्या दिवशी तीन वाजून पाच मिनिटांनी आमचा लांब्या नायजेल पाय मुरगळून खरोखरच पडला. एव्हिस गोणपाटाची पिशवी घेऊन धावली. दोन हिसक्यांत त्याचे जोडे काढले, त्याला कुशीवर वळवलं. प्रेक्षक शहारले. पण तिची पाठ त्यांच्याकडे होती आणि आमच्याकडे तोंड. तिने पिशवीतून आल्याचं बिस्किट काढून नायजेलच्या तोंडात घातलं, झग्याच्या घेरात थर्मास लपवून दोन घोट चहा पाजला, आणि दुखरा पाय नीट उचलून त्याच्याच टोपीवर ठेवला.

"उठू नकोस मेल्या," तिचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं, "आता चार वाजेपर्यंत तुला कुणी काही म्हणणार नाही."

आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. आमच्या रांगेला तो वीस पावलांवर दिसत होता. पुढच्या बाराला सहा जण पडले. त्यानंतर नऊ. एकजण तर बंदूक भरता भरता, समोर कुणी नसताना गेला. मी दात आवळून उभा होतो. अकरा वर्षांचा अभिमान होता. मग आल्याचा वास आला आणि मला छातीत गोळी लागली.

असतील शितं तर जमतील भुतं. राजाची माणसंसुद्धा पूल सोडून आमच्या बाजूला येऊन मरायला लागली. वीस मिनिटांत कुरणावर मुडद्यांचा खच पडला. सगळे पडल्या पडल्या चघळत होते. आमच्याकडून निशाण धरून एकटे कॅप्टन उभे होते, आणि समोरून राजाचे पाच जण बिचकत पुढे येत होते, कारण आपण जिंकलो तर काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

"उठा," कॅप्टन दातांतून म्हणाले. "अरे उठा, आपण जिंकतो."

"मेलेली माणसं उठत नाहीत, कॅप्टनसाहेब," एव्हिस माझे खिसे तपासत म्हणाली. "इतिहासात बसत नाही."

बिचाऱ्या कॅप्टनपुढे शरण जाणं किंवा मरणं एवढंच उरलं. ते मेले. निशाण जपून, गुडघे एकेक करून टेकत, अगदी नियमानुसार मेले.

एव्हिस त्यांच्यापाशी पोचली तेव्हा बिस्किटं संपली होती. मी चार हात अंतरावर पडलो होतो, म्हणून सगळं दिसलं. तिने त्यांचे हातमोजे काढले, कोटात हात घातला, आणि हजेरीची वही बाहेर आली. सूर्यास्तापर्यंत ती वही तिची होती. वहीच्या पट्ट्याला पेन्सिलही बांधलेली होती. मला वाटलं, लिही बाई, लिहून टाक. तिने पानं उलटली. सोळा वर्षांची पानं होती ती, आणि प्रत्येकावर तीच ओळ. मग तिने वही मिटली आणि त्यांच्या छातीवर ठेवली.

"मी लिहिणार नाही," ती म्हणाली. "तुम्हीच लिहा. अक्षर तुमचं चांगलं आहे."

कॅप्टन मेलेले होते, त्यामुळे काही बोलले नाहीत. डोळे मात्र उघडे होते.

रविवारी सकाळी हजेरीच्या वेळी डेरिक उगवला. डोक्यात क्लबाची पांढरी टोपी, हातात घडीची खुर्ची. घरी न्याहारी करून द्यायला कुणी नव्हतं. तो सवयीने थेट चुलीपाशी येऊन बसला. कॅप्टननी त्याच्याकडे एकदा पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि नावं वाचायला लागले. शेवटी घसा साफ केला.

"एव्हिस टॉम्लिन, मुडदे लुटणारी."

ती चुलीकडे तोंड करून उभी होती. सोळा वर्षं सगळ्यांसाठी हजर म्हणालेल्या बाईच्या तोंडून स्वतःचं हजर काही निघेना. कढईतलं गार होऊन गेलं तरी ती ढवळत राहिली. कॅप्टन थांबले होते. मग ती वळली.

"हजर."

कॅप्टननी मान डोलावली आणि ओळ पुरी केली. "आणि नवरा."

डेरिकने घाईघाईने टोपी काढून तोंड उघडलं. एव्हिसने त्याच्या दंडावर हात ठेवला.

"गप्प बस, डेरिक," ती म्हणाली. "तिथे उत्तर द्यायचं नसतं."