जांभळ्या पदराची गिटार

आमच्या वहिनीला उघडी वस्तू बघवत नसे. मेडशीच्या आमच्या घरात टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ, विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीलाही खोळ, आणि गॅसच्या सिलिंडरला तर तिनं चुण्यांचा झगा शिवला होता. दादाच्या मोटरसायकलच्या टाकीवर फुलाफुलांच्या कापडाचं कव्हर असे आणि तो बिचारा ते मिरवत वाशिमकडच्या मालेगावच्या बाजारात भाजी विकायला जायचा. लोक हसायचे. वहिनीला त्याचं काही नव्हतं. "उघडं राह्यलं का धूळ बसते, नाही त नजर लागते," ती म्हणायची. "झाकलं त कोनाच्या बापाचं काय जाते?"

ती रिठदची. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात, म्हणून साऱ्या मेडशीची ती 'रिठदवाली'. मी तिची धाकटी नणंद, मालेगावला दिलेली. मी तोंडाची फटकळ आणि ती माझ्याहून फटकळ, त्यामुळे आमचं उत्तम जमलं. तिच्याकडे एक जांभळी साडी होती, हिरव्या काठाची, पदरभर बारीक कोयऱ्या असलेली. त्या साडीवर माझा पहिल्यापासून डोळा होता. मी मागायची आणि ती दर वेळी सांगायची, "मी मेल्यावर नेजो, बाई. तवरक हात नको लावू." आम्ही दोघी हसायचो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

दादा तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. लाल रंगाची, विजेवर वाजणारी गिटार. वाशिमपासून अकोल्यापर्यंतचे मांडव त्यानं वाजवले. मग डीजे आले, ऑर्केस्ट्रा मोडला, आणि गिटार सोयाबीनच्या खोलीत खुंटीला गेली. ओलीनं तिचा रंग फुगला, पापुद्रे सुटले. दादा मुळातच अबोल, त्यात हे झाल्यावर त्याच्या तोंडाला कुलूपच लागलं. वाफ्यांना पाणी द्यायचं, मेथीच्या, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या, बाजार करायचा आणि घरी यायचं. वहिनी मला म्हणायची, "तुह्या भावासंग बोलनं म्हणजे विहिरीत हाका मारनं. आपलाच आवाज वापस येते. वाजवत होते तवा मले समजे तरी, मानूस कायच्यात हाय."

वहिनीच्या पोटात गाठ निघाली ती उशिराच कळली. अकोल्याच्या डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं. बाहेर आला तेव्हा तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. इतकी वर्षं न बोलणाऱ्या माणसाचं तोंड वाचायची सवय होती तिला. परतीच्या एसटीत तिनंच त्याला विचारलं, "दिवाळी पाहातो का नाही मी?"

त्यानंतर मी भेटायला गेले, तर ही अंगणात बसून गिटारीचा लाल रंग पॉलिश पेपरनं घासत होती. तारा, खुंट्या, आतलं यंत्र, सगळं सुटं करून दादानं ताटात काढून दिलं होतं. मला वाटलं, आजारानं डोकं फिरलं हिचं.

"वहिनी, काय करून राह्यली तू हे?"

"खोळ चढवतो," ती म्हणाली. "पन काढता येनार नाही अशी."

मग तिनं जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. आमच्या घरची रीत अशी, की माणूस गेलं की तेरवीला त्याचे सगळे कपडे वाटून टाकायचे, चिंधीसुद्धा घरात ठेवायची नाही. माझी आई गेली तेव्हा तिची लुगडी वहिनीनंच आपल्या हातानं वाटली होती. दुसऱ्या दिवशी तिनं पाहिलं, दादा आईची लुगडी टांगायच्या रिकाम्या दांडीपाशी उभा होता. नुसता उभा. नंतर त्यानं ट्रंक उघडून बघितली, कोनाडा बघितला आणि मुकाट्यानं शेतात निघून गेला. "एक लुगडं मांगाले आलते ते," वहिनी म्हणाली. "अन् मी सारे वाटून मोकळी. मी गेली का माहे बी वाटतीन. वाटू दे. पन गिटारीचं कातडं कोन सोलून नेते?"

गिटारीवर कापड चिकटवायचं, म्हणून आधी तिनं एका ब्लाउजपीसवर हात बसवून पाहिला. पापड-कुरड्या करणाऱ्या बाईचं डोकं ते. कणकेची खळ शिजवली आणि कापड फळीला चिकटवलं. सुंदर बसलं. दोन दिवसांत उंदरांनी खळीसकट कापड खाल्लं. वहिनी पोट धरून हसली, हसताना तिला दुखत होतं तरी हसली. म्हणाली, "पाह्य व बाई, माह्या हातची चव उंदराले बी समजते." मग सुताराचा पांढरा गोंद आणला.

साडीला कात्री लावली त्या दिवशी मी हजर होते. चांगला सबंध पदर तिनं माझ्या डोळ्यांदेखत कापला. माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, ते साडी मले देनार होती न तू!" तिनं उरलेली साडी घडी करून माझ्या मांडीवर टाकली. "हे घे. पदर तेवढा माह्या नवऱ्याचा." मी भांडायच्या बेतात होते, पण एकदम रडायलाच आलं. तिनं मला रडू दिलं आणि लाकडावर गोंद पसरत राहिली. मधून कडेकडे, पोळीचं लाटणं हलक्या हातानं फिरवत तिनं पदर बसवला, आणि एकही कोयरी वाकडी होऊ दिली नाही. सुकल्यावर बाहेरचं कापड ब्लेडनं कापून काढलं.

पुढचं काम लाखेसारख्या पारदर्शक रंगाचं. मालेगावला ट्रॅक्टर आणि मोटरसायकली रंगवणारा एक पेंटर आहे, तो दादाचा ऑर्केस्ट्रातला ढोलकीवाला. त्यानं सामान दिलं आणि रीत सांगितली. एक हात द्यायचा, सुकवायचा, उभे राहिलेले धागे घासायचे, परत एक हात. कापडाचं विणकाम बोटाला लागेनासं होईपर्यंत असंच. पण दिवस श्रावणाचे, हवेत ओल. दिलेला हात दुधासारखा पांढरट पडायचा आणि जांभळा रंग धुक्यात गेल्यासारखा दिसायचा. मग वहिनी उन्हाची वाट बघत ओसरीवर बसून राहायची. ऊन पडलं की वाफ्यातून दादाला हाक, "आवो, या लवकर, ऊन आलं!" आणि दादा चिखलाच्या पायांनी धावत यायचा. तो घासायचा, ती रंग द्यायची. मी त्या दोघांना लग्नानंतर इतकं एकत्र बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

रंगाचा वास उग्र. मी रागावले, म्हटलं हा वास तुझ्या छातीत जाईल. तोंडावरचा रुमाल खाली करून तिनं माझ्याकडे बघितलं. "मंग काय होईन, बाई? मरन मी?"

शेवटचे हात पेंटरनं स्वतः मशीननं मारून दिले. गिटार घरी आली तेव्हा आम्ही बघतच राहिलो. पदर पाण्याखाली ठेवल्यासारखा दिसत होता. पेंटरनं बजावलं होतं, "वरून सुकली दिसते, आतून कच्ची हाय. महिनाभर कोनी हात नका लावू." तारा चढवून ती खाटेसमोरच्या खुंटीला टांगली, आणि वहिनीनं खाटेवरूनच तिची राखण सुरू केली. माशी बसली तरी तिला खपत नव्हतं.

महिना भरायच्या आतच तिचं अन्न तुटलं. सोयाबीन काढणीला आलं होतं, पण दादा शेतात जात नव्हता. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते. दादा उठला, खुंटीवरून गिटार काढली आणि खाटेजवळ बसला.

"कच्ची हाय," वहिनी म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "ठिवा तिले."

"राहू दे कच्ची," दादा म्हणाला.

ती गिटार विजेशिवाय फार हळू वाजते, हातभर अंतरावरच्यालाच ऐकू येते. म्हणून दादा वाकला, पार तिच्या उशीपर्यंत. लग्नात नवरी निघताना ऑर्केस्ट्रावाले वाजवायचे तसलं काहीतरी त्यानं धरलं. बोटं अडत होती, इतक्या वर्षांची सवय मोडलेली. मी पायथ्याशी होते, मला अर्धंच ऐकू आलं. ती ऐकत होती. तिचे डोळे मिटलेले होते, पण बोट चादरीवर ताल धरत होतं.

थांबल्यावर त्यानं हात उचलला आणि वहिनीनं डोळे उघडले. जिथं त्याचं मनगट टेकलं होतं तिथं सदऱ्याच्या बाहीचं विणकाम त्या कच्च्या रंगात उमटलं होतं. कोयऱ्यांच्या वर तळहाताएवढा डाग. तिला फार वाईट वाटलं. "लावला न डाग? येवढी चकचकीत केलती मी." मग जरा दम खाऊन म्हणाली, "मी गेल्यावर पेंटरकडून घासून घेजा. इसरू नका." दादानं मान हलवली. त्याच आठवड्यात ती गेली.

तेरवीला वहिनीची रिठदची मंडळी आली, आमच्या आत्याबाई आल्या, आणि रीतीप्रमाणे सगळं वाटलं गेलं. साड्या, शालू, स्वेटर, गोधडीसाठी साठवलेल्या चिंध्यासुद्धा. आत्याबाईंनी कोनाडे तपासले, ट्रंक उलटी केली. "काही राह्यलं त नाही न घरात?" त्यांनी विचारलं. मी खुंटीकडे पाठ करून उभी राहिले आणि म्हटलं, "काहीच नाही, आत्याबाई." माझ्या वाटणीची बिनपदराची साडी मी आधीच पिशवीत घातली होती. तिचा काही उपयोग नाही. आहे माझ्याकडे.

दादा आता रोज संध्याकाळी ओसरीवर गिटार घेऊन बसतो. अजूनही बोलत नाही. बाजारच्या दिवशी तो पेंटरच्या दुकानावरून जातो, आणि पेंटर हटकून ओरडतो, "घेऊन ये लेका, दहा मिनिटाचं काम हाय, आरशासारखी करून देतो!" दादा दर वेळी म्हणतो, पुढच्या बाजाराले. त्या एका दुपारीखेरीज वहिनीनं सांगितलेलं त्यानं आयुष्यभर कधी मोडलं नव्हतं, म्हणून परवा न राहवून मी विचारलं, "दादा, तिनं सांगून ठेवलं होतं न? तो डाग घासून काहून नाही घेत तू?"

त्यानं हातातली जुडी बांधून खाली ठेवली.

"ते घासून टाकलं, बाई," तो म्हणाला, "त तिनं आयकलं होतं, हे कशावरून?"