कवितेतली ‘मी’ आणि काझी गुरुजी

मराठवाड्याच्या शाळांत मराठी रुजू लागली होती, त्या दिवसांत माझी बदली नळदुर्गच्या वाटेवरच्या एका शाळेत झाली. ट्रंक घेऊन मी व्हरांड्यात शिरलो, तोच एका वर्गातून खणखणीत आवाज आला, “बोलतंय कोण?” मुले दंगा करत असतील, असे वाटून मी आत डोकावलो, तर वर्ग चिडीचूप. शेरवानी आणि काळी टोपी घातलेले एक शिक्षक मराठीचे पुस्तक धरून उभे होते. कवितेतले शब्द नेमके कोणाच्या तोंडचे आहेत, हे ते मुलांना विचारत होते. काझी गुरुजींचे मला घडलेले हे पहिले दर्शन. आज त्यांच्या साठीनिमित्त लिहायला बसलो, तेव्हा तोच आवाज आधी कानी आला.

गुरुजींचे सारे शिक्षण उर्दूतून झाले. घरात दखनी, बाजारात मराठी, आणि निजामी राजवटीत वर्गात शिकवायची ती उर्दू. विलीनीकरणानंतर शाळेचे माध्यम बदलले, तेव्हा कचेरीतले बिनत्रासाचे काम त्यांना मिळत होते. त्यांनी ते नाकारले आणि मराठीच शिकवायची असे ठरवले. “ज्या गावात जन्मलो, त्या गावाची भाषा मला परकी कशी?” असे ते म्हणत. मराठीच्या परीक्षेत ते आधी नापास झाले. पुन्हा बसले आणि पास झाले. नापास झाल्याची हकीकत ते वर्गात स्वतःहून सांगत असत.

कवितेचा अर्थ सांगण्याआधी बोलणारा शोधायचा, ही त्यांची रीत. एकदा त्यांनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले: ‘दार लागलं.’ मग म्हणाले, “हे आतला माणूस म्हणाला तर काय, आणि बाहेर राहिलेला म्हणाला तर काय?” मुलांना जे कळायचे ते तेवढ्यात कळले. माझा तास नव्हता म्हणून मागच्या बाकावर येऊन बसलेल्या मलाही कळले.

पण या रीतीची खरी कसोटी लागली ती सुमनच्या कवितेने. सुमन ही गावातले मोठे शेतकरी दत्तोबा पाटील यांची मुलगी. गुरुजी काढत असलेल्या शाळेच्या हस्तलिखित अंकात तिने चार ओळी लिहिल्या होत्या:

माझं नाव माहेरी राहिलं,
उंबऱ्याशी मला नवं दिलं.
जुन्या नावानं कुणी हाक दिली
तर मी वळून बघीन का?

गावात कुजबूज सुरू झाली. दत्तोबा तडक शाळेत आले.

“गुरुजी, लगीन व्हायच्या आधीच पोरगी सासरचं रडगाणं गाती. पाव्हणे काय म्हणतील? ते पान काढा, न्हायतर उद्यापासून ती शाळंत येणार न्हाय.”

मुख्याध्यापकांनी तोड सुचवली, “काझीसाहेब, ‘मी’च्या जागी ‘ती’ करा. मिटलं.”

“साहेब, शब्द एक बदलेल, पण कविता दुसरीच होईल,” गुरुजी म्हणाले. “मी तो बदलणार नाही, आणि त्या मुलीलाही बदलू देणार नाही. हवं तर हस्तलिखित माझ्याकडून काढून घ्या.” मग ते दत्तोबांकडे वळले. “पाटील, तुम्ही एकदा ऐका. रागवायचं ते मग रागवा.”

आधी त्यांनी ‘ती’ घालून ओळी वाचल्या. “तिचं नाव माहेरी राहिलं...” दत्तोबांनी मान हलवली. “हां, हे चालंल. कुणाची तरी गोष्ट हाय.”

मग गुरुजींनी मूळची कविता वाचली, सावकाश.

“आता सांगा पाटील, हे बोलतंय कोण? सुमन तर अजून माहेरीच आहे. तिचं नाव कुठं कुणी बदललंय?”

“तिची आई,” दत्तोबा म्हणाले. “तिचं माहेरचं नाव गोदा. म्या त्या नावानं एकदाबी हाक मारली न्हाय.” मग पटका सारखा करत ते उठले. “ऱ्हाऊ द्या. हाय तसंच ऱ्हाऊ द्या.”

दुसऱ्या दिवशी सुमन शाळेत आली. पुढे ती मॅट्रिक झाली.

गुरुजींचा हा करारीपणा पाहून कोणाला ते कठोर वाटतील. पण मला टायफॉइड झाला, तेव्हा गुरुजींनी माझे तास आपल्या अंगावर घेतले. रोज सकाळी ते दुधाचा तांब्या दारात ठेवून परत जात. आत या म्हटले, तर म्हणत, “आजाऱ्याच्या घरात पाहुणा कशाला?” माझी पत्नी आजही त्यांना भाऊ म्हणते.

सध्या गुरुजी कानडी शिकत आहेत. सरहद्दीकडच्या बायका शेतात जी गाणी म्हणतात, ती त्यांना समजून ऐकायची आहेत. “या वयात कशाला, गुरुजी?” असे मी गेल्या महिन्यात विचारले. ते म्हणाले, “चाल आवडली म्हणून मान डोलावून येतो मी. ती बाई काय सांगते, हे कळायला नको?”

त्यांच्या डोळ्यांना बाराखडी स्पष्ट दिसत राहो, पायांना बांधावरून चालण्याचे बळ राहो. कानडी त्यांना येणारच, याविषयी मला शंका नाही. ती आल्यावर गुरुजींना आणखी एखादी भाषा खुणावू लागेल. तीही सवडीने शिकून व्हावी, एवढे उदंड आणि निरोगी आयुष्य त्यांना लाभो.