बांधीवरचा बल्ब

माझ्या खोलीत मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा मोठा फोटो आहे. मी काढलेला. घरी येणारे त्याच्यासमोर थांबतात आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने उठतो. खाली मीच लिहिलंय, 'सौंदडजवळचं नैसर्गिक काळोखं आकाश'. ते खोटं आहे. काळोख मी केला होता.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दुर्बीण घेतली. सडक अर्जुनीत हायवेच्या उजेडापुढे तारे पुसट, म्हणून सौंदडकडे मित्राच्या धानाच्या बांधीवर, म्हणजे भातशेतावर, जायचो. कापणी जवळ आली की तिथे रात्रभर एक बल्ब जळायचा, रानडुकरं येऊ नयेत म्हणून. तो लावायचं काम मित्राच्या थोरल्या, विधवा बहिणीचं. तिला सगळे बाई म्हणायचे. दिवस मावळला की ती पाण्याच्या मोटारीच्या खोपटातलं बटण दाबून घरी जायची.

त्या रात्री मी दोन-दोन मिनिटांचे फोटो घेत होतो. असे पन्नास-साठ एकावर एक चढवले की तेजोमेघ उमटतो. पण प्रत्येक फोटोत खालून पिवळट धूसर येत होतं. दहाच्या सुमाराला मी खोपटात गेलो आणि बटण बंद केलं. म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न.

आकाश इतकं उघडलं की तासाचे तीन झाले. मधे धानात खसखस ऐकू आली. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ऐकलं, आणि उठलो नाही. जवळून चाललं तरी दुर्बीण हलते, टॉर्च लावला तर फोटो जातो. कुत्रं असेल, असं मी ठरवून टाकलं. एकनंतर बॅटरी संपली. थंडीने बोटं वळत नव्हती. कसंबसं सामान गाडीवर बांधलं आणि निघालो. बटण तसंच राहिलं.

सकाळी दुर्बिणीचं राहिलेलं झाकण आणायला गेलो, तर अर्धी बांधी आडवी झालेली. मित्र आणि बाई खोपटापाशी उभे होते.

"बाई, तू बटन दाबलंच नाही."

"दाबलं होतं ना रे."

"मंग डुकरानं बंद केलं काय? त्याले उजेडात झोप येत नसन!"

शेजारच्या बांधीतले दोघं हसले. बाई माझ्याकडे वळली. "गुरुजी, तुमी आले तवा बल्ब जळून राहिला होता ना जी?"

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

"त्याईले काऊन इचारतं? त्याईचं ध्यान आभाळात," मित्र म्हणाला.

बाई थोडा वेळ बटणाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "नसन दाबलं."

तेव्हापासून ती अर्ध्या वाटेवरून परत यायची, कडी लावली का बघायला. एका लग्नाला जाताना घराचं कुलूप उघडं राहिलं, एकदा गॅस चालू राहिला; दोन्ही बाईच्याच नावावर गेलं. मित्राच्या सुनेने आधी तिचं गॅसजवळ जाणं बंद केलं, मग किल्ल्या काढून घेतल्या. 'बाई विसरते' हे घरात कुणीही म्हणायला लागलं, लहान मुलंसुद्धा. चार वर्षं त्या घरी चहा पीत मी हे पाहिलं.

गेल्या महिन्यात जुने फोटो चाळत होतो. प्रत्येकावर कॅमेऱ्याने वेळ टाकलेली असते. दहा वाजून सात मिनिटांचा पिवळट. दहा वाजून बाराचा काळा. दोन्ही छापून घेतले आणि सौंदड गाठलं.

बाई अंगणात लाखोरीची डाळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं, खसखससुद्धा. फोटो तिने उलटसुलट पाहिले.

"म्हंजे मी दाबलं होतं."

"हो."

"अन् लग्नाला गेलो तवाचं कुलूप? गॅस? ते बी मी बरोबर लावलं होतं काय?"

"ते मला माहीत नाही, बाई."

"तुमाले नाही माहीत. मले बी नाही." तिने सूप बाजूला ठेवलं आणि घरात हाक मारली. "भाऊ, बाहीर ये. गुरुजी काय सांगून राहिले आइक."

मित्र आला. मी उभ्यानेच पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. तो म्हणाला, "चार वर्सं चहा पेले तुमी इथं."

बाई तोवर उठून आत गेली होती. सुनेचा आवाज आला, "आत्याबाई, राहू द्या जी, गॅसले हात नका लावू."

"सरक," बाई म्हणाली.